नागपुरात मन मोकळं करायला कुठे जायचं? थेरपी आणि सपोर्ट ग्रुपचे अनुभव हवे आहेत

निंबोणी | ९ जुलै, रात्री ११.५२

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहून राहिली आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मानेवाडा भागात राहते, वय ३४, खासगी शाळेत शिकवते. मार्चमध्ये बाबा गेले. तेरवी झाली, पाहुणे गेले, शाळा सुरू झाली, आणि सगळ्यांनी धरून चाललं की मी आता सावरली. मलाही तसंच वाटत होतं. पण पहाटे तीनला डोळा उघडतो तो परत लागत नाही. वह्या तपासताना एकच ओळ चारदा वाचते. मागच्या आठवड्यात गाडी लावून पार्किंगमध्येच अर्धा तास रडत बसली, मग वर जाऊन भाजी फोडणीला टाकली. मुलगी सहा वर्षांची आहे. तिने दुधाचा पेला सांडला तर मी तिच्यावर अशी ओरडली की ती पलंगाखाली जाऊन बसली. त्या रात्री ठरवलं, आता कोणाला तरी विचारायचंच.

एका ठिकाणी जाऊन आली, नाव लिहीत नाही. बाहेर पाटीवर समुपदेशक लिहिलं होतं. पन्नास मिनिटांतली पस्तीस मिनिटं तेच बोलत होते. शेवटी दहा सेशनचं पॅकेज, पैसे आधी, आणि वरून एक खड्यांचं ब्रेसलेट. घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

आधी सायकॅट्रिस्टकडे जायचं की काउन्सेलरकडे? गोळ्या एकदा लागल्या की जन्माच्या मागे लागतात का? शाळेत कळतं का? आणि खरं सांगू, मला सगळ्यात जास्त हवं आहे ते वेगळंच. चार माणसं बसली आहेत, त्यांच्याही घरातलं कोणी गेलं आहे, आणि मी बाबांबद्दल बोलली तर कोणी "पोरीकडे पाहा आता" असं म्हणत नाही. असं काही नागपुरात असतं का?

आईजवळ विषय काढला तर म्हणाली, "कोराडी रोडला जायची पाळी आली का बाई आपल्यावर?" नागपूरकरांना याचा अर्थ सांगायला नको, बाकीच्यांसाठी, मनोरुग्णालय तिथे आहे.

---

हिंगणा_टी_पॉइंट | १० जुलै, सकाळी ६.३०

ताई, वाचून वाईट वाटलं. पण याच्यासाठी डॉक्टर कशाला? बाप गेल्यावर कोणाला रडू येत नाही? सकाळी पाचला उठा, अंबाझरीला चार किलोमीटर चाला, प्राणायाम करा. मन घट्ट केलं की सगळं जागेवर येतं. माझे वडील गेले तेव्हा मी तेच केलं.

---

शुभंकर_सक्करदरा | १० जुलै, सकाळी ९.१५

दादा, तुमचं मन चांगलं आहे म्हणून सांगतो. चालणं चांगलंच, मीही चालतो. माझ्या धाकट्या भावाला आम्ही दोन वर्षं असंच चालवलं. अंबाझरी झालं, टेकडीचा गणपती झाला, ताजबाग झालं. कोणी म्हणालं लग्न करून द्या, नशीब की तेवढं केलं नाही. त्याला स्किझोफ्रेनिया होता आणि ती दोन वर्षं आम्हाला परत मिळाली नाहीत. श्रद्धेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. आई आजही ताजबागला जाते, फक्त आता गोळ्याही वेळेवर होतात.

निंबोणीताई, तुमचं आणि भावाचं दुखणं एक नाही. पण दारं तीच आहेत आणि ती मी अकरा वर्षांपासून ठोठावतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सरकारीत नागपूर शहराला चार मोठी दारं आहेत. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मिहानमधलं एम्स आणि कोराडी रोडचं प्रादेशिक मनोरुग्णालय. पहिल्या तिन्हींमध्ये मानसोपचार हा इतर विभागांसारखाच एक विभाग आहे. केसपेपरच्या खिडकीवर "मानसोपचार" म्हणायचं, बस. रांगेत तुमच्या पुढे हाडांचा पेशंट, मागे डोळ्यांचा, तुम्ही कुठे चालल्या हे कोणाला कळतही नाही. ज्यांना धंतोलीतल्या खासगी दवाखान्याच्या जिन्यात ओळखीचं कोणी भेटेल याची धास्ती वाटते, त्यांना मेडिकलची गर्दी उलट बरी पडते. सकाळी लवकर जा, ओपीडीचा वार आधी विचारून घ्या, पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस ठेवा.

पहिल्या दिवशी बहुतेक शिकाऊ डॉक्टर, म्हणजे एमडी करणारी मुलं-मुली, सगळी माहिती लिहून घेतात. आम्हाला चाळीस मिनिटं बसवलं होतं. झोप, भूक, घरात आधी कोणाला काही होतं का, दारू, जुने आजार, सगळं विचारलं. नंतर मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. वैताग एकाच गोष्टीचा, पुढच्या वेळी समोर वेगळं माणूस असू शकतं. म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. तारीख, गोळी, झोप किती, काय त्रास झाला. डॉक्टर बदलला तरी वही बदलत नाही. आज पाचवी वही चालू आहे.

आता कोराडी रोड. लहानपणी मस्ती केली की "तिकडं टाकून देऊ" म्हणायचे. आजही तिथल्या चौकाला ऑटोवाले "पागलखाना चौक" म्हणतात. ते रुग्णालय १८६४ पासून आहे, खाटा ९४०, आणि ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं नागपूर अशी राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. पण लोकांना वाटतं की त्या फाटकातून आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. मी भावाला घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा ओपीडीत नवरा-बायको होते, कॉलेजातली पोरगी होती, शेतावरून आलेले एक काकाजी होते. दुपारपर्यंत सगळे गोळ्यांची पिशवी घेऊन आपापल्या गावच्या बसला लागले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, त्यात हेही येतं. तुमच्या आईला हे वाचून दाखवा.

गटाबद्दल. माझ्या नावातला शब्द कुठून आला ते सांगतो. ठाण्या-पुण्याकडच्या स्वमदत गटांमध्ये पेशंटला "शुभार्थी" आणि त्याची काळजी घेणाऱ्याला "शुभंकर" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून बसून राहिलो. तोवर माझी ओळख "त्या येड्याचा भाऊ" एवढीच होती. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, सगळे तिला "सा" म्हणतात, तिच्या एका ऑनलाइन बैठकीला मी बसलो होतो. एका आईने सांगितलं की तिचा मुलगा सहा महिन्यांनी स्वतःहून आंघोळीला गेला, आणि स्क्रीनवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आंघोळीला टाळ्या का, हे फक्त आम्हालाच कळतं.

नागपुरात आमचा गट मेडिकलच्या बाकावर जमला. दर महिन्याला त्याच वारी तीच चार कुटुंबं दिसायची. एकदा एका काकूंनी डबा पुढे केला. आता महिन्यातून एकदा एकेकाच्या घरी बसतो. नाव नाही, नोंदणी नाही.

---

क्लिनिकल_ताई | १० जुलै, दुपारी २.४०

मी याच व्यवसायात आहे, म्हणून नाव आणि दवाखाना लिहीत नाही. इथे जाहिरात नको.

निंबोणी, चार महिन्यांत शोक संपला नाही म्हणजे आजार, असं कोणी जाणकार म्हणणार नाही. जगभरात वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही, शोक लांबून त्याचा विकार झाला असं म्हणायला निदान सहा महिने जावे लागतात, आणि तेही समाजाच्या रीतीभाती लक्षात घेऊन. पण पहाटेची जाग, लक्ष न लागणं, चिडचिड हे दोन आठवड्यांच्या वर रोज असेल तर नैराश्य आहे का हे तपासायला हवं. शोक आणि नैराश्य एकाच घरात राहू शकतात. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्या. थकवा आणि उदासी तिथूनही येते, आणि ते राहून गेलं तर कितीही सेशन केले तरी फरक पडत नाही.

कोणाकडे जायचं? सायकॅट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्याचे उपचार आणि चाचण्या करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि त्याला सीआरआर नंबर असतो. तो विचारायचा, परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळायचा. नंबर विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे जायचं नाही. समुपदेशक किंवा काउन्सेलर ही पाटी मात्र आज कोणीही लावतो. मानसशास्त्रात एमए करून, वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या हाताखाली काम करून अतिशय चांगलं काम करणारे समुपदेशक मी नागपुरातच पाहिले आहेत. आणि आठवड्याचा कोर्स करून खडे विकणारेही पाहिले आहेत. तुम्हाला दुसरा भेटला.

पहिल्या फोनवर विचारायला संकोच करू नका. शिक्षण काय, नोंदणी आहे का, शोकावर काम केलं आहे का, कोणत्या पद्धतीने करता, फी किती आणि ती दर वेळी की एकदम. ज्याला काम येतं तो दोन मिनिटांत सरळ उत्तरं देतो. कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी पद्धत, किंवा आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात तशा पद्धतींमध्ये साधारण दहा-पंधरा भेटींचा अंदाज धरतात. तीन-चार भेटींत आपलं जमतंय की नाही ते कळतं. नाही जमलं तर बदला. यात कृतघ्नपणा काही नाही.

गोळ्यांबद्दल सगळ्यांना एकच भीती असते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून लोक पहिल्या आठवड्यात सोडतात. पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून हळूहळू कमी करतात. स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, म्हणून त्या थोड्याच दिवसांसाठी देतात. शेजारणीच्या पाकिटातली झोपेची गोळी कृपा करून घेऊ नका, कोणीच.

---

निंबोणी | १० जुलै, रात्री १०.२०

तुम्हा दोघांचं वाचता वाचता रडली, पण हे रडणं वेगळं होतं. शुभंकर दादा, आईला कोराडी रोडचं वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण "तो भाऊ आता कसा आहे विचार" म्हणाली.

शाळेचं मात्र कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे एका शिक्षिकेच्या बाबतीत स्टाफरूममध्ये जे बोललं गेलं ते मी ऐकलं आहे.

---

शुभंकर_सक्करदरा | ११ जुलै, सकाळी ८.०५

आईंना सांगा, भाऊ बरा आहे. सकाळी दुकानात बसतो, हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे.

शाळेत तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर-दवाखान्यावर बंधनकारक आहे. त्याच कायद्यात विमा कंपन्यांना सांगितलं आहे की शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही धरा. पण बऱ्याच पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, बाहेरच्या बाहेर घेतलेल्या सेशनचे सहसा नाहीत. आपलं कागदपत्र वाचून घ्या.

ज्यांच्या घरी दीर्घ आजार आहे त्यांच्यासाठी एक जोडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. आम्हाला हे सात वर्षांनी कळलं.

---

आजचा_दिवस | ११ जुलै, रात्री ९.३०

ताई, तुम्ही विचारलं ना, चार माणसं बसून फक्त ऐकतात असं नागपुरात असतं का. असते. मी त्या खुर्चीत नऊ वर्षांपासून बसून राहिलो आहे.

मी बेवडा आहे. आज पिलो नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घसा सुकला होता, आता रोजचा श्वास आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, एए म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलं. त्यातला एक शेअरबाजारात काम करणारा, दुसरा सर्जन. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा पाहिजे, एवढीच अट. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, त्यातून चहा आणि खोलीचं भाडं. बाहेरच्या कोणाची देणगी घेत नाहीत.

मिटिंग कशी असते ते सांगतो, कारण न गेलेल्याला वाटतं की तिथं भाषण होते. सुरुवातीला थोडा वेळ शांतता, मग प्रार्थना. मग एकेक जण आपलं सांगतो. मधात कोणी बोलत नाही, "तू असं करायला पाहिजे होतं" असं कोणी म्हणत नाही. मी पहिल्या तीन मिटिंगा नुसता बसलो. चौथ्या वेळी सांगितलं की पोरीच्या शाळेची फी मी प्यायलो. कोणी च्‌ च्‌ केलं नाही, कोणी मान खाली घातली नाही. बाजूचा म्हणाला, "मी पण." त्या दोन शब्दांवर मी त्या रात्री घरी सरळ गेलो.

तुमचं दारूचं नाही हे समजतं. पण घरात कोणी पिणारं असेल तर बायकोसाठी, आईसाठी, पोरांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असते, ते १९५१ पासून आहे. एएच्या खुल्या मिटिंगला घरचे, पाहुणे कोणीही येऊन बसू शकतात. एकदा या. कशाला म्हणाल तर ऐकणं कसं दिसतं ते पाहायला. तुमचा गट काढायचा झाला तर उपयोगी पडेल.

---

कामठीकर | १२ जुलै, दुपारी १.१०

विपश्यनेचं कोणी लिहिलं नाही. माहूरझरीला धम्मनाग केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर, फी नाही. मला फार फायदा झाला. मात्र अर्जात मनाच्या आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, ते खरं भरायचं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने लपवलं, गोळ्या घरी ठेवून गेला आणि पाचव्या दिवशी त्याला आणावं लागलं. दहा दिवस मौन पाळणं हे उपचाराच्या जागी नाही. ज्याचं मन आत्ता फार अस्थिर आहे त्याने आधी डॉक्टरशी बोलावं.

---

जरीपटका_एक | १२ जुलै, रात्री ११.००

ज्यांचा प्रश्न आपण कोण आहोत, कोणावर प्रेम करतो याच्याशी जोडलेला आहे, त्यांच्यासाठी नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. मला तिथे पहिल्यांदा असं वाटलं की खोलीतल्या कोणालाही मी बदलायला नको आहे. समलैंगिकता "बरी करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर उठून या. तो आजार नाही आणि ते औषध नाही.

---

वाडीचा_पोरगा | १६ जुलै, रात्री १.२०

हा धागा तीन वेळा वाचला. नीटचा दुसरा ड्रॉप होता. यावेळीही नाही झालं. घरी सगळे झोपले आहेत. पप्पांनी कर्ज काढलं होतं. काही सुचून नाही राहिलं. असं वाटते की मी नसतो तर हे सगळं सोपं झालं असतं.

---

आजचा_दिवस | १६ जुलै, रात्री १.२६

बेटा, मी जागा आहे. सरळ विचारतो, सरळ सांग. जीव द्यायचा विचार येऊन राहिला का?

---

वाडीचा_पोरगा | १६ जुलै, रात्री १.३१

हो. आज जास्त.

---

आजचा_दिवस | १६ जुलै, रात्री १.३३

सांगितलं ते फार चांगलं केलं. आता एकटा बसू नको. खोलीचं दार उघड आणि पप्पांना उठव. काय बोलायचं ते सांगतो, "पप्पा, माझ्याजवळ बसा, मला भीती वाटून राहिली." एवढंच. मग १४४१६ लाव. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रभर चालू असते, मराठीत बोलतात. धोका वाटला तर ११२, नाहीतर मेयो किंवा मेडिकलची कॅज्युअल्टी, ती बंद होत नाही. मी इथंच आहे. पप्पा उठले की दोन अक्षरं टाक.

---

वाडीचा_पोरगा | १६ जुलै, रात्री २.१४

पप्पा उठले. मम्मी पण. फोन लावला, एक मॅडम बोलल्या, वीस-पंचवीस मिनिटं. पप्पा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले कर्ज माझं आहे, तुझं नाही. आज माझ्याच खोलीत झोपून राहिले आहेत. सकाळी मेयोला जाणार आहोत.

---

क्लिनिकल_ताई | १६ जुलै, सकाळी ७.४५

बाळा, सकाळी नक्की जा. कालची रात्र जशी घडली तशी डॉक्टरांना सांग, काही कमी करून सांगू नको.

बाकी सगळ्यांसाठी लिहिते. "जीव द्यायचा विचार येतो का" असं विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस बोलतो. काल आजचा_दिवस यांनी केलं तेच करायचं असतं. सरळ विचारलं, एकटं सोडलं नाही, घरच्यांना जागं करायला लावलं. घरात अशी वेळ असेल तर औषधं, फवारणीची विषारी औषधं असं काही हाताशी ठेवू नका, आणि "लोकांना काय काय दुःखं असतात" हे वाक्य तेवढं बोलू नका. विद्यार्थ्यांसाठी शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण हेल्पलाइनही आहे, ८४४८४४०६३२.

---

हिंगणा_टी_पॉइंट | १६ जुलै, रात्री ८.५०

मी वर लिहिलं होतं की मन घट्ट करा. माझा मुलगाही बारावीत आहे. आज संध्याकाळी टीव्ही बंद करून त्याच्याजवळ बसलो. निंबोणीताई, माझं ते लिहिणं चुकलं.

---

संत्रानगरी_काका | १८ जुलै, सकाळी ५.५५

वय ६८, बँकेतून निवृत्त. पत्नीला जाऊन चार वर्षं झाली. सोबत पुष्कळ आहे. सकाळी हास्य क्लब, गुरुवारी भजन, महिन्याला ज्येष्ठ नागरिक मंडळाची सभा. सगळे प्रेमाने वागतात. पण चार वर्षांत तिथे मला तिचं नाव काढता आलेलं नाही. काढलं की कोणीतरी पटकन विनोद करतो, मला बरं वाटावं म्हणून. मग मीही हसतो आणि घरी येऊन दोन कप चहा करतो. दुसरा ओतून देतो.

निंबोणी बेटा, तू विचारलास तो गट मलाही हवा आहे. कुठे मिळत नसेल तर आपण बसू या का? शंकरनगरचं उद्यान मेट्रोच्या जवळ आहे, रविवारी सकाळी साडेसातला. मी येऊन बसतो. कोणी आलं नाही तरी बसतो.

---

क्लिनिकल_ताई | १८ जुलै, दुपारी १२.३०

काका, जरूर बसा. दोन-तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या, नाहीतर चांगले गटही तुटतात. ऐकलेलं तिथेच ठेवायचं. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. एकाने सगळा वेळ घेऊ नये म्हणून घड्याळ ठेवा. रडणाऱ्याला लगेच गप्प करू नका, पाणी पुढे करा आणि थांबा. कोणाची अवस्था गटाच्या आवाक्याबाहेरची वाटली तर त्याला एकट्याने पाठवू नका, कोणीतरी सोबत डॉक्टरकडे जा. पहिल्या काही भेटी सार्वजनिक जागीच ठेवा, आणि पैशांचा व्यवहार, विक्री, धर्मप्रचार काहीच नको.

---

निंबोणी | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

मधात लिहिलं नाही, कारण रोज काहीतरी होत होतं.

आधी १४४१६ ला फोन केला. पहिल्यांदा बोलताच आलं नाही, पलीकडची ताई थांबली. मग मेडिकलला गेली. नवरा सुट्टी काढून सोबत आला. सगळं शुभंकर दादांनी लिहिलं तसंच, शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, माझ्याहून लहान. तिने विचारलं, "बाबांना तुम्ही काय म्हणून हाक मारायच्या?" चार महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. तपासण्यांत बी-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी आत्ताच नको म्हटलं, आधी सेशन करून तीन आठवड्यांनी पाहू. आता दर बुधवारी एका सायकॉलॉजिस्टकडे जाते. सीआरआर नंबर विचारला, त्यांनी हसून पाटीवर दाखवला. फी आम्हाला जड आहे, म्हणून पुढच्या महिन्यापासून पंधरा दिवसांनी एकदा करू असं त्यांनीच सुचवलं.

झोप अजून पूर्ण नाही. पण पाचपर्यंत लागते. पोरीला सांगितलं की त्या दिवशी आई चुकली. ती म्हणाली, "माहीत आहे, तू आजोबांसाठी रडत होती."

आणि रविवार. काका बाकावर आधीच होते, हातात थर्मास. आजचा_दिवस दादा आले, म्हणाले मी फक्त घड्याळ पाहीन. एक ताई आल्या, त्यांचं बाळ गेलं आहे. हिंगणा दादाही आले आणि पूर्ण वेळ गप्प बसले. मी आईला सोबत नेलं होतं, फक्त फिरायला म्हणून. मला वाटलं ती दूर बसेल. काकांनी पत्नीचं नाव घेतलं, त्या कशा पहाटे रेडिओ लावायच्या ते सांगितलं, आणि माझी आई, जी मार्चपासून घरात "झालं ते झालं" एवढंच म्हणते, ती बोलायला लागली. एकोणचाळीस वर्षांचा संसार. बाबांना फणसाची भाजी आवडायची नाही आणि ते आयुष्यभर तिला सांगायला लाजले, हे मलाच माहीत नव्हतं. घड्याळ कोणी पाहिलं नाही.

परत येताना मेट्रोत म्हणाली, "पुढच्या रविवारी आहे का?"

पावसाचा अंदाज आहे म्हणून विचारते, उद्यानात जमेल का? काका, तुमचं घर चालेल का? क्लिनिकल ताईंनी सार्वजनिक जागा म्हटलं होतं, तर मेट्रो स्टेशनच्या आत एखादी बसायची जागा असेल तर तेही सांगा. आई विचारून राहिली आहे, चिवडा आणू का.

---

संत्रानगरी_काका | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७.०२

पाऊस आला तर स्टेशनच्या खाली छत आहे, आधी तिथे भेटू. चहा माझ्याकडे. चिवडा आणायला सांग, कच्चा कांदा वेगळा आण, मला चालतो.

---

वाडीचा_पोरगा | ३ ऑगस्ट, रात्री ९.१८

माझ्या घरातलं कोणी गेलं नाही. तरी येऊ शकतो का? पप्पा सोडून देतील.

---

निंबोणी | ३ ऑगस्ट, रात्री ९.२०

ये रे बाळा. साडेसात. पप्पांनाही थांबायला सांग.